प्रतिसाद: वारा दिसतो तो लाल उजेडात
फेब्रुवारी २०२२ च्या भूचुंबकीय वादळात (म्हणजे सूर्याकडून आलेल्या झोतांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं तेव्हा) वातावरणाच्या वरच्या थरांतली हवा तापून फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांपैकी ३८ गेले. पण तिथला वारा, तापमान मोजतात कसं, हा प्रश्न तसाच राहिला.

तर, आकाशाच्याच उजेडावरून. साधारण २५० किमीवरचे ऑक्सिजनचे अणू रात्री ६३० नॅनोमीटरचा अंधुक लाल प्रकाश सोडतात. हवा आपल्याकडे आली की तरंगलांबी किंचित घटते, लांब गेली की वाढते. वर्णपटात या प्रकाशाची रेषा जितकी रुंद, तितकी हवा तापलेली. सेकंदाला १०० मीटर वाऱ्यासाठी हा फरक जेमतेम ०.०००२ नॅनोमीटर! म्हणून फॅब्री-पेरो (तरंगलांबीतला अतिसूक्ष्म फरक टिपणारं उपकरण) लागतो.

खरी गोची शून्य, म्हणजे वारा नसतानाची तरंगलांबी, ठरवण्यात आहे. बहुतेकदा डोक्यावरच्या आकाशाचं वाचन शून्य धरतात, उभा वारा नगण्य मानून. शांत रात्री हे खपून जातं. वादळात मात्र ध्रुवीय पट्ट्यात तापलेली हवा उभी उसळते, आणि तेच गृहीतक आडव्या वाऱ्याचे आकडे बिघडवतं. वादळी रात्रीचे आलेख म्हणून मी तरी जरा हात राखूनच वाचतो. (ढग असले तर बोलायलाच नको.)