अपिलाच्या कोर्टाचा न्यायाधीश निवडायचा, तर तुलना कशाची करायची?

मेंडोटाकाठ
एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेसाठी सुझन क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल अशी लढत झाली. मुदत १० वर्षं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, पण कोणामागे कोणता पक्ष आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खर्च १० कोटी डॉलरच्या आसपास. क्रॉफर्ड साधारण ५५ टक्के मतं घेऊन निवडून आल्या.

मला राग येतो तो प्रचाराचा. क्रॉफर्डबाईंनी अमक्या गुन्हेगाराला कमी शिक्षा दिली, शिमेल ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी असताना बलात्काराच्या तपासातले नमुने पडून राहिले, टीव्हीवर दिवसभर हेच. अहो, हे सात जणांचं कोर्ट साक्षीदार तपासत नाही. खालच्या कोर्टाने कायदा बरोबर लावला का, हे मुख्यतः बघतं. तुलना त्या कामाची हवी होती.

सातारकर
मुळात निवडणूकच नको. इलॉन मस्कने ग्रीन बेमध्ये दोन मतदारांना १०-१० लाख डॉलरचे चेक दिले, आणि त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या टेस्लाने विस्कॉन्सिनच्या डीलरशिपच्या कायद्याविरुद्ध, म्हणजे कंपनीला स्वतः गाड्या विकू न देणाऱ्या कायद्याविरुद्ध, दावा लावलेला! पलीकडून, क्रॉफर्डच्या बाजूने, अब्जाधीश सोरोस आणि प्रिट्झकर यांचे पैसे. आपल्याकडे काहीही असो, हायकोर्टाचा न्यायाधीश मतं मागत फिरत नाही.

रेवा_ब
सातारकर, आपल्याकडे तर न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियुक्ती आयोग रद्द केला, लोकांना कोणी विचारलं? मस्कने एवढा पैसा ओतूनही त्याचा उमेदवार शिमेल पडला, म्हणजे मतदार विकला गेला नाही. उमेदवाराची मतं झाकलेली असण्यापेक्षा उघड असलेली मला चालतील.

सातारकर
या वेळी पडला. वेस्ट व्हर्जिनियात काय झालं? ५ कोटी डॉलरचा दावा हरलेल्या मॅसी कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४ मध्ये ३० लाख डॉलर खर्चून आपल्याला हवा तो न्यायाधीश निवडून आणला. त्याच न्यायाधीशाच्या मताने निकाल ३-२ असा फिरला. शेवटी २००९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या माणसाने सुनावणीला बसायलाच नको होतं. तेही ५-४ ने!

मेंडोटाकाठ
माझा मुद्दा तोच आहे. विस्कॉन्सिनच्या नियमाप्रमाणे नुसत्या देणगीमुळे न्यायाधीशाला बाजूला व्हावं लागत नाही. म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न हा विचारा: कोणत्या खटल्यातून तुम्ही स्वतः उठाल? क्रॉफर्ड वकील असताना २०११ च्या ॲक्ट १० विरुद्ध, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हात बांधणाऱ्या कायद्याविरुद्ध, मॅडिसनच्या शिक्षकांच्या बाजूने लढल्या. त्याच कोर्टातले ब्रायन हॅगडॉर्न गव्हर्नरचे कायदेशीर सल्लागार असताना या कायद्याच्या मसुद्यात होते, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या कायद्याविरुद्धच्या खटल्यातून ते स्वतःहून बाजूला झाले. मी हॅगडॉर्नच्या विचारांचा नाही, पण न्यायाधीशाने असंच वागावं.

रेवा_ब
आणि त्यांच्या विरुद्ध मताचे बसून राहिले तर? एकट्या सज्जनाने उठून जायचं आणि निकाल दुसऱ्यांनी लावायचा, हे मला पटत नाही. नियम सातही जणांना सक्तीचा करा, मग उमेदवारांना जाब विचारा.

सातारकर
तो नियम करणार कोण? हेच सात जण ना?