मदत हवी आहे: इंटर्नना खुल्या बाजाराचा विचार आणि कामाची शिस्त, दोन्ही कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

नाशिककडे शेतमालाच्या बाजारधोरणावर काम करणारी आमची छोटी संस्था आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने इंटर्न घेतो. बहुतेक बीए अर्थशास्त्र नाहीतर बीएस्सी अ‍ॅग्रीची मुलं. शेतमालावरची बंधनं उठावीत ही आमची भूमिका उघड आहे.

सुरुवातीला व्याख्यानं होतात: शेतकरी संघटनेचे शरद जोशी, चाकणचं कांदा आंदोलन, १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, बाजार समित्या, १९९१ चं उदारीकरण. पोरं माना डोलावतात आणि पुढे आमचीच वाक्यं आम्हाला ऐकवतात. ‘सरकारने हस्तक्षेप करू नये’ तोंडपाठ, पण त्यात तोटा कुणाचा, असं विचारलं की गप्प. मग उरलेला वेळ डेटा एन्ट्री. मेलला विषय नसतो, एक्सेलमध्ये तारखा वाट्टेल तशा, आणि व्यापाऱ्याला फोन लाव म्हटलं तर ‘व्हॉट्सअ‍ॅप केला तर चालेल का?’

एका विश्वस्तांना सॉफ्ट स्किलवाला ट्रेनर बोलवायचाय. मला पटत नाही. हस्तांदोलन शिकून टिपण लिहिता येत नाही. असा कार्यक्रम कुणी चालवलाय का?

प्रतिसाद
व्याख्यानं निम्म्याने कापा आणि एकच प्रकरण हातात द्या. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी घ्या. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभाव संकेतस्थळावरून लासलगावची आवक आणि भाव काढायचे, दोन व्यापारी आणि दोन शेतकऱ्यांना फोन करायचे, एक पानी टिपण लिहायचं. एक्सेल, फोन, मेल सगळं त्यातच येतं. ‘बंदीमुळे भाव पडला’ एवढंच लिहिलं असेल तर कागद परत. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, त्याचा वाटा किती हे सांगता आलं पाहिजे. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क होतंच. याला खुला बाजार म्हणायचं का, यावर त्यांना भांडू द्या. आणि एकाने शहरातल्या गिऱ्हाइकाच्या बाजूने बंदीचं समर्थन करायचं, मनापासून.

धागाकर्ता
आभार! समर्थनाचं ऐकून विश्वस्त भडकणार, पण करून बघतो. टिपणं आमच्याच माणसांनी तपासली तर पुन्हा तेच होईल. बाजार समितीत काम केलेलं इथे कुणी आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.