काजूगराच्या पाकिटावर काय लिहावं?

म्हापसेकर: ‘गोव्यातले सर्वोत्तम, शंभर टक्के अस्सल’ छापलंय, तरी पर्यटक पाकीट उलटसुलट बघून परत ठेवतात. मजकूर बदलू का?

सत्तरीकर: ‘सर्वोत्तम’ पणजीपर्यंत सगळेच लिहितात हो. बी कुठल्या गावची, कधी भाजली ते लिहा. आफ्रिकेची बी मिसळत असाल तर ‘गोव्यातले’ काढाच. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर ती खूण छापू नका.

म्हापसेकर: बी सगळी वाळपईकडचीच, भाऊ. थोडा तुकडा येतो पाकिटात.

सत्तरीकर: मग तेही छापा! आमची आई तेवढं वाचूनच घेईल.

पर्वरीकर: ‘हृदयाला गुणकारी’ वगैरे असेल तर आधी खोडा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे.