इसबाचा धागा: मलमाचं नाव नको, माप सांगा

रंकाळाकाठ
थंडी पडली की कोरडा इसब वर येतो, म्हणून धागा आत्ताच काढतेय. किती सोसलं ते लिहू नका, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या जागेचा इसब, काय लावायचं, किती, किती दिवस आणि कशानं बिघडतं, तेवढं लिहा. ट्यूबचा फोटो टाकून "हेच घ्या" म्हणायचं नाही, कारण पापणीला आणि तळपायाला एकच मलम चालत नाही.

अंघोळीपासून सुरू करते. पाणी कोमट आणि दहा मिनिटांत काम संपवायचं. बंबाचं कढत पाणी ओतलं की खाज थांबल्यासारखी वाटते, पण त्वचेतलं तेल धुऊन जातं आणि तासाभरात खाज दुपटीनं परत येते. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० असतो, त्वचेचा साडेपाचच्या आसपास. म्हणून सिंडेट वडी (साबण नसलेली, त्वचेच्या पीएचच्या जवळची) घ्या, तीही काखा, जांघा आणि पायांपुरती. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, मॉइश्चरायझर लावायचं.

सगळ्यात जास्त चुकतं ते प्रमाण. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते लावणं नव्हेच. वास नसलेलं, डब्यातलं, घट्ट घ्या. डब्यात बोटं घालू नका, चमच्यानं काढा. हात वरून खाली, केस पडतात त्या दिशेनं फिरवा. उलट रगडलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. दिवाळीचं उटणं आणि डाळीचं पीठ इसबाच्या जागी नको, दोन्ही कोरडं करतात. घोंगडं अंगाला थेट लागू देऊ नका, आत सुती चादर घ्या.

एक धोका कुणी सांगत नाही. पॅराफिनचं मलम कपड्यांत मुरलं की ते कापड झटकन पेटतं, धुतलं तरी सगळं जात नाही. चूल, बंब, फटाके यांच्यापासून लांब राहा.

शाहूपुरी मेडिकल
काउंटरवर रोज विचारलं जातं म्हणून स्टेरॉइडच्या मलमाचं माप सांगतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा भागते. मोठ्यांना एका पंजाला दोन्ही बाजूंनी १ पट्टी, उरलेल्या हाताला ३, पाऊल सोडून पायाला ६. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला चेहरा-मान मिळून १, एका हाताला १, एका पायाला दीड, तीही मोठ्या माणसाच्याच बोटानं मोजून. दिवसातून एकदा बहुतेकांना पुरतं. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइड यांत पंधरा-वीस मिनिटं अंतर ठेवा, आधी कुठलं याला फार महत्त्व नाही.

जोर ओळखा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य, मोमेटासोन ०.१ टक्का त्याच्या बराच वर, क्लोबेटासॉल ०.०५ टक्के सगळ्यात वर. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांच्या पुढे नाही, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, आणि चेहरा, काखा, जांघेत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही.

भीतीपोटी चिमूटभर लावून दोन दिवसांत सोडणारेही तितकेच फसतात. लाली जाते, पण हाताला जागा खरखरीत लागते. म्हणजे आत अजून धुमसतंय. सपाट आणि मऊ होईपर्यंत लावा. वारंवार त्याच जागी येत असेल तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन ठरलेले दिवस लावायची पद्धत आहे. डॉक्टरांना विचारून घ्या.

पापण्या आणि मानेला टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम, बरं: २ ते १५ वर्षांना ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्का चालतं. पहिले काही दिवस चुरचुरतं, ते ॲलर्जी समजून सोडू नका.

खासबाग
तालमीतल्या पोरांसाठी लिहितो. कडेला उठावदार, मधे साफ, गोल गोल पसरणारं म्हणजे नायटा. इसबाला अशी कड नसते. नायट्यावर स्टेरॉइड चोळलं की लाली दबते, बुरशी मात्र पसरते आणि मग कडही नीट दिसत नाही, डॉक्टरसुद्धा चकतो. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या मलमांनी हेच होतं. स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीवरच द्यायची आहेत, तरी "जांघेला काहीतरी द्या" म्हटलं की हातात पडतात. खरवडून काचेवर बघायची तपासणी साधी आहे, ती करून घ्या. लंगोट दुसऱ्याचा वापरायचा नाही आणि उन्हात खडखडीत वाळवायचा.

आणि घरातल्या सगळ्यांना रात्री खाजत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. इसबाचं मलम तिथं वाया.

उद्यमनगर लेथ
भावा, आमच्या हातांचा इसब कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या पाण्याचा. पाण्यात कालवायचं कटिंग ऑइल पाचेक टक्के लागतं. हातानं अंदाजे ओतलं की घट्ट होतं, आणि टाकी साफ केली नाही की कुजतं, दोन्हीनं बोटांच्या फटी फाटतात. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती घट्ट ते दाखवणारं यंत्र) ठेवा आणि कंपनी सांगते त्या मापात राहा. त्याहून वाईट म्हणजे सुट्टी झाल्यावर हात धुणं. रॉकेल, थिनर, वॉशिंग पावडर आणि वाळू या चार गोष्टी सोडा. हातावर खायचं तेल चोळा, चिंधीनं पुसा, मग सौम्य साबण, मग लगेच मलम. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, बोट जाईल. मोजे फक्त साफसफाईला. सिमेंटच्या कामावर जाणाऱ्यांचं वेगळं: त्यातल्या क्रोमेटची ॲलर्जी एकदा बसली की आयुष्यभर राहते.

कांडप
मसाला आणि चटणी करणाऱ्या बायकांसाठी. लसूण सोलताना कुडी डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतो. फक्त त्या तीन टोकांना भेगा पडत असतील तर लसणावर संशय घ्या. डावखुऱ्यांचं उलट. लसणातलं ते द्रव्य रबरी हातमोज्यातून आरपार जातं, म्हणून मोजा घालून उपयोग होत नाही. काही आठवडे लसूण दुसऱ्या कुणाकडून सोलून घ्या आणि बघा. शिजवलेला लसूण बऱ्याच जणींना हाताळता येतो.

भांड्यांसाठी: आत सुती मोजा, वर रबरी, आणि एका वेळी वीसेक मिनिटंच. घामानं ओला झालेला सुती मोजा बदलायचा. अंगठीखाली साबण साठतो, ती आधी काढून ठेवा. रात्री हातावर जाड थर पेट्रोलियम जेली आणि वरून सुती मोजे. मिरचीची आग पाण्यानं जात नाही, तेल चोळून पुसा.

पाचट
उसाच्या बांधावरच्या लोकांचा इसब वेगळा दिसतो. पापण्या, मानेच्या घड्या, कोपरांच्या आतली बाजू आणि कपड्याबाहेरची सगळी कातडी. पहिल्यांदा पन्नाशीत आला असेल तर गाजर गवत शोधा. त्याचे बारीक केस आणि वाळलेला चुरा हवेतून येतो, हात लावायलाच पाहिजे असं नाही. शेवंतीलाही तेच लागू होतं, म्हणून हार करणाऱ्यांनी सावध राहावं.

उपटायचं ते फुलोऱ्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून. वाळलेलं पेटवायचं नाही. ज्याला इसब आहे त्यानं उपटायला जाऊच नये, बाकीच्यांनी जावं. कपडे बांधाकडेच्या तारेवर वाळत घालू नका. घरी आल्याबरोबर अंघोळ, आणि ते कपडे गादीवर फेकायचे नाहीत.

गुजरीकर
कानाची पाळी, घड्याळाखाली, बेंबीखाली पँटच्या बटणापाशी असेल तर निकेल या धातूची ॲलर्जी. नकली साज आणि सेफ्टी पिना हे नेहमीचे. डायमिथाइलग्लायऑक्झाइमचे थेंब कापसावर घेऊन धातूवर घासले की निकेल असल्यास गुलाबी होतं. चांदीच्या दागिन्याचा अडकवायचा आकडाही (हूक) तपासा, तो दुसऱ्या धातूचा असू शकतो.

पावलाच्या वरच्या बाजूला पट्ट्याच्या आकारात असेल तर चप्पल. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वादीनं शिवलेलं चामडं सहसा कमी त्रास देतं. क्रोमच्या क्षारात कमावलेलं स्वस्त चामडं आणि चिकटवायचा गोंद जास्त देतात. काप बघा, क्रोमचं आतून निळसर करडं असतं. अंदाज करत बसण्यापेक्षा पॅच टेस्ट: पाठीवर पट्ट्या दोन दिवस, काढल्यावर एकदा वाचन आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी दुसरं. तोवर पाठ भिजवायची नाही, घामाचं काम नाही. पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा, निकाल खोटा येतो.

रंकाळाकाठ
@गुजरीकर, दुसरं वाचन चुकवू नका हे मोठ्यानं सांगायला हवं. काही ॲलर्जी तेव्हाच दिसतात.

ओल्या इसबाबद्दल विचारणा आलीय. पाणी सुटत असताना जेली चोपडू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात जागा भिजवा: दहा हजारांत एक भाग, म्हणजे ४ लिटरला ४०० मिलिग्रॅम. घरी इतकं मोजता येत नाही, म्हणून रंगावर जा: फिकट गुलाबी हवा, जांभळा झाला तर जास्त. दाणे आधी पेल्यात पूर्ण विरघळवून मगच टबात ओता, न विरघळलेला दाणा कातडी जाळतो. नखांना आधी व्हॅसलिन, नाहीतर तपकिरी होतात. दहा-पंधरा मिनिटं, आणि जागा सुकली की बंद.

बालवॉर्ड
वांगं, अंडं, दूध एकदम बंद करू नका. तपासणीशिवाय पोराचं खाणं तोडलं की वजन जातं, इसब तसाच राहतो. सेटिरिझिननं इसबाची खाज फारशी थांबत नाही. झोपवणारं औषध काही दिवसांपुरतं डॉक्टर देतात. नखं आठवड्यातून दोनदा कापा. पिवळसर सोनेरी खपल्या आल्या तर जंतू बसलेत. आणि एकसारख्या आकाराची, खोचल्यासारखी खोल छिद्रं, दुखणं, ताप: हा नागिणीच्या जातीचा विषाणू इसबावर पसरलेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

शाहूपुरी मेडिकल
मलमांनी भागत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे दवाखान्यात अंगावर घ्यायचे अतिनील किरण, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. जाणं-येणं जमत असेल तर उत्तम. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लवकर काम करतं, पण रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. डुपिलुमॅबचं इंजेक्शन मोठ्यांना पंधरवड्यानं, त्यात काहींचे डोळे लाल होतात. जॅक गटातल्या (प्रतिकारशक्तीचा दाह रोखणाऱ्या) गोळ्यांआधी क्षयाची तपासणी. पोटातून स्टेरॉइडचा छोटा कोर्स झटपट गुण देतो, बंद केल्यावर इसब उसळून येतो, म्हणून तो मुद्दाम मागून घेऊ नका.

मेथोट्रेक्सेट, हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. पाकिटावर वार मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि घरी गोळ्या देणारं माणूस दुसरं असेल तर त्यालाही वाचून दाखवा.