टॅब बदलला की भरलेला फॉर्म कोरा होतोय

शाहूपुरीकर: काकांच्या गुळाच्या अडतीसाठी फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं फ्रेमवर्क) छोटं ॲप करतोय. खाली तीन टॅब: आवक, पावती, हिशेब. दिवाणजी आवकमध्ये गुळाच्या बावीस रव्यांची (ढेपांची) वजनं टाकतात, मध्येच हिशेब बघून परत येतात तर सगळं कोरं! काल म्हणाले, "तुझ्यापेक्षा माझी चोपडी बरी, पान उलटलं तरी शाई जात नाही." लई लागलं भावांनो. बॉडीत, म्हणजे स्क्रीनच्या मुख्य भागात, यादीतून निवडलेलं पेज देतोय, बस्स.

पेठेतला: तिथंच घोळ आहे. टॅब बदलला की जुनं पेज विजेट-ट्रीमधून (स्क्रीनवरच्या घटकांच्या रचनेतून) निघतं, त्याची स्टेट डिस्पोज होते, म्हणजे भरलेलं सगळं पुसलं जातं. बॉडीत इंडेक्स्डस्टॅक घाल, आत तिन्ही पेजेस. दिसतं एकच, बाकीची जिवंत राहतात.

शाहूपुरीकर: चाललं की! पण आता ॲप उघडताच हिशेबाचा सगळा डेटा सर्व्हरवरून ओढतंय.

पेठेतला: ओढणारच, इंडेक्स्डस्टॅक सगळी पेजेस एकदम बिल्ड करतो. हिशेबाच्या जागी आधी रिकामा साइज्डबॉक्स (नुसती मोकळी चौकट) ठेव, पहिल्यांदा टॅप झाल्यावर खरं पेज.

कागलकर: बोटानं सरकवायचे टॅब असतील, म्हणजे टॅबबारव्ह्यू, तर पेजच्या स्टेटला ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन (पेज जिवंत ठेवणारा तयार कोड) लाव, वाँटकीपअलाइव्ह ट्रू कर, बिल्डमध्ये सुपर.बिल्ड विसरू नको. मी आधी पेजस्टोरेजकीवर अख्खी रात्र घालवली. त्यानं स्क्रोलची जागा टिकते, टाइप केलेलं नाही. आणि हो, अँड्रॉइडनं मागं पडलेलं ॲप मारलं तर यातलं काहीच वाचत नाही. वजनं टाकली की लगेच फोनमध्ये साठवत जा.

शाहूपुरीकर: आज रात्रीच करतो. दिवाणजी सकाळी नऊला हजर असतात.