बी विंगच्या जिन्याखालची मांजर आणि गणपतीचे सामान

सचिव (ए-१०४)
सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगच्या जिन्याखालील ज्या खोलीत आपले गणपतीचे सामान असते, तेथे सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर काल रात्री एक मांजर व्याली असून चार पिल्ले आहेत. मखर, समया आणि विजेच्या माळांची खोकी त्याच खोलीत आहेत व प्रतिष्ठापनेला जेमतेम तीन आठवडे उरले आहेत. सकाळपासून निम्मी सोसायटी तेथे डोकावून आली. परिणामी आता दार किलकिले झाले तरी मांजर फिस्कारते. दुपारी कोणीतरी आत बॅटरी मारल्यावर तर तिने एक पिल्लू तोंडात धरून मखराच्या मागे नेले, मग परत आणले आणि पुन्हा नेले. काय करावे याविषयी सूचना पाठवाव्यात. नुसते अंगठे आणि हृदये पाठवू नयेत, ही नम्र विनंती.

बी-००२
आमचे दार त्या खोलीला लागून आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सूनबाईंना पाचवा महिना चालू आहे आणि मांजरीपासून गर्भवतीला संसर्ग होतो असे आम्ही ऐकून आहोत. पूर्वी चाळीत असे प्रसंग आले की पोत्यात घालून मंडईच्या मागे सोडून येत असत. तसेही मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. ती आज ना उद्या जाणारच असेल, तर आपणच नेऊन सोडण्यात गैर ते काय?

ए-४०३ (वकील)
काका, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ खाली गुन्हा आहे. प्राण्याला विष देणे, ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ग्रुपवर असे लेखी सुचवणेही टाळलेले बरे.

सी-३०२
गेली काही वर्षे मी अनाथ पिल्ले घरी ठेवून वाढवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे. लांब संदेशाबद्दल आधीच क्षमा मागते.

सात घरांची समजूत निरीक्षणातूनच आलेली आहे. पिल्ले मोठी होऊ लागली, जागा अस्वच्छ झाली किंवा धोका वाटला, की आई त्यांची जागा बदलते. मात्र स्वतःच्या सवडीने केलेले स्थलांतर आणि घाबरून केलेली पळापळ यांत फरक आहे. जन्माच्या वेळी पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचे असते, त्याचे डोळे व कान बंद असतात आणि पहिले तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची ऊब धड टिकवता येत नाही. ठाण्याच्या या पावसात तिने एकेक पिल्लू उचलून पार्किंगमधून पलीकडे न्यायचे ठरवले, तर शेवटच्या पिल्लाची पाळी येईपर्यंत पहिले गार पडलेले असेल. म्हणून तिला उचलणे तर नकोच, पण तिला स्वतःहून निघून जावेसे वाटेल असेही काही आपल्याकडून होता कामा नये.

आज दुपारी ती पिल्लू इकडून तिकडे नेत होती, हे ताणाचे ठळक लक्षण आहे. कान मागे चपटे होणे, बुबुळे मोठी होणे, खाणे सोडणे, पिल्लांपासून लांब बसून राहणे, किंवा उलट त्यांना इतके चाटणे की कातडी लाल व्हावी, हीही तशीच लक्षणे आहेत. ताण फार वाढला तर काही माद्या पिल्लांकडे पाठ फिरवतात आणि क्वचित त्यांना मारतातही. माणसाने हात लावला की आई पिल्लाला टाकतेच, हे मात्र खरे नाही. एखाद्या स्पर्शाने ती पिल्लू टाकत नाही. तिला खचवते ती दिवसभराची वर्दळ.

तेव्हा खोलीच्या दाराला वीतभर फट राहील अशी साखळी लावावी, म्हणजे ती येऊ-जाऊ शकेल आणि माणसे आत शिरणार नाहीत. आवारातला मोठा पिवळा बोका त्या फटीतून येऊ नये यासाठी रात्री रक्षकाने त्या बाजूला खुर्ची टाकून बसावे. बोके पिल्ले मारतात, हे दुर्दैवाने खरे आहे. दिवसातून दोनदा एकाच व्यक्तीने, शक्यतो एकाच वेळी, खाणे-पाणी ठेवून लगेच बाहेर यावे. ते काम मी करीन. बाकी कोणीही जाऊ नये, फोटोसाठी तर अजिबातच नाही.

आणखी एक गोष्ट सफाईच्या ताईंना सांगणे अत्यंत आवश्यक आहे. जिन्याखाली फिनाइल टाकू नये. त्यातील फेनॉलसारखी द्रव्ये मांजरीचे यकृत नीट निष्प्रभ करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते आणि तेच तोंड पिल्लांना लागते. साधे पाणी व साबण पुरेसा आहे.

सचिव (ए-१०४)
फिनाइलची सूचना आत्ताच दिली. गुरुवारी कीटकनाशक फवारणीवाले येणार होते आणि उंदरांच्या औषधाच्या गोळ्याही ठेवणार होते. बी विंगपुरते ते पुढे ढकलत आहे.

सी-३०२
फार बरे केलेत. औषध खाऊन झिंगलेला उंदीर मांजरीने खाल्ला, तर तेच विष तिच्याही पोटात जाते. चिकट सापळेही नकोत.

ए-३०१
आमची हरकत मांजरीला नाही, पण आवारात मांस-मासळी ठेवली जाऊ नये अशी आमच्या मजल्यावरील काही कुटुंबांची इच्छा आहे. दूध-पोळी देता येणार नाही का? आमच्याकडे मांजरे त्यावरच वाढलेली आहेत.

सी-३०२
त्या मांजरी दूध-पोळीबरोबर उंदीर आणि पालीही खात असत, फक्त ते आपल्या डोळ्यांसमोर होत नसे. मांजर ही पूर्णतः मांसाहारी आहे. टॉरिनसारखी काही द्रव्ये तिला प्राणिज अन्नातूनच मिळतात आणि अंगावर पाजणाऱ्या मादीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते. गाईच्या दुधातील साखर बऱ्याच मोठ्या मांजरींना पचत नाही व जुलाब होतात. जुलाब झाले की पाणी कमी होते आणि अंगावरचे दूधही आटते. तरीही आपल्या भावनेचा मान राखून मार्ग आहे. दुकानात पिल्लांसाठीचे जे कोरडे खाद्य मिळते, तेच बाळंतीण मांजरीला देतात, कारण त्यात प्रथिने व चरबी जास्त असते. त्याला वास कमी असतो आणि सांडलवंड होत नाही. उकडलेली कोंबडी मी घरूनच, कांदा-लसूण-मीठ न घालता, रात्री थोडी देईन व वाटी लगेच उचलीन.

ए-३०१
चालेल. कोरड्या खाद्याची एक पिशवी आमच्याकडून.

ए-२०१ (निवृत्त पशुधन विकास अधिकारी)
माझी हयात गाई-म्हशींत गेली, मांजरी कमीच पाहिल्या. तरी काही गोष्टी सर्व सस्तन प्राण्यांना लागू आहेत, त्या सांगतो.

पिल्लांनी पहिल्या दिवसात चीक पिणे महत्त्वाचे असते, कारण त्यातील प्रतिकारद्रव्ये आतड्यातून शोषली जाण्याची मुदत साधारण एका दिवसातच संपते. चारही पिल्ले आचळांना लागलेली दिसली असतील, तर ती काळजी मिटली. पुढे आईकडे लक्ष द्यावे. एखादे आचळ कडक, गरम व दुखरे झाले तर तो स्तनदाह होय. गावाकडे गाईच्या बाबतीत ज्याला दगडी म्हणतात, तोच हा. अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल तर गर्भाशयात संसर्ग आहे असे समजावे. आणि ती एकाएकी धापा टाकू लागली, अंग थरथरू लागले, पाय ताठ पडू लागले, तर रक्तातील कॅल्शियम उतरले आहे. गाईंतील दुग्धज्वराचाच हा भाऊ आहे, फक्त गाय बसून राहते आणि मांजरीला झटके येतात. यात सकाळपर्यंत थांबू नये, त्याच तासाला दवाखाना गाठावा. त्याला उपाय म्हणून कोणी आधीपासूनच कॅल्शियमचे औषध पाजत बसू नये, त्याने फायद्याऐवजी तोटाच होतो.

घरातील औषधांच्या डब्यातील काहीही तिला देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्यांसाठीचे औषध लावू नये. त्यातील पर्मेथ्रिन मांजरीला विषारी आहे.

बी-००२ यांच्या शंकेविषयी. गर्भवतीला मांजरीपासून होणारा तो आजार (टॉक्सोप्लाझ्मोसिस) मांजरीच्या केसांतून किंवा श्वासातून होत नाही. त्याचा जंतू विष्ठेतून बाहेर पडतो आणि किमान एक दिवस उलटल्यावरच संसर्गक्षम होतो. अर्धेकच्चे मांस आणि न धुतलेल्या पालेभाज्या हेही त्याचे मार्ग आहेत. सूनबाईंनी मांजरीची घाण साफ करू नये, भाज्या नीट धुवाव्यात आणि मनात शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे. भिंतीपलीकडे मांजर असल्याने काही होत नाही.

बी-००२
धन्यवाद डॉक्टर. सूनबाईंना वाचून दाखवले.

बी-५०१ (सांस्कृतिक समिती)
सर्व पटले. परंतु मखराला रंग द्यायचा आहे आणि विजेच्या माळा तपासायच्या आहेत. सामान कधी आणि कसे काढावे?

सी-३०२
ती खाण्यासाठी किंवा आपल्या विधीसाठी बाहेर पडते तेव्हा. बाळंतीण मांजर तास-दीड तास बाहेर राहणे स्वाभाविक आहे. तिच्या वेळा कळाव्यात म्हणून आज दाराच्या फटीत तांदळाचे पीठ भुरभुरते. पायांचे ठसे आत गेलेले आहेत की बाहेर आलेले, हे त्यावरून खोलीत न डोकावता समजते. (रांगोळी वापरू नये. ती दगडाची भुकटी असते आणि मांजर पंजे चाटते.)

एका वेळी दोघांनीच जावे, एकाने सामान काढावे व दुसऱ्याने बाहेर उभे राहून लक्ष ठेवावे. मखर शेवटी काढावे, कारण ती सध्या त्याच्या आडोशाला आहे. त्याआधी तिथेच एक मोठे पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवू, त्यात तिच्या वासाची सतरंजी अंथरू, आणि आडोशाला आडोसा मिळाल्यावरच मखर हलवू. तिच्या अंगाखालच्या तीन सतरंज्या मात्र यंदा विसराव्या लागतील. त्या धुऊन परत ठेवण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, कारण जागेचा वास गेला की तिला ती जागा परकी वाटते.

बी-४०३
मुले फार हट्ट करीत आहेत. एकदा लांबून दाखवले तर चालेल का?

सी-३०२
डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत उघडतील आणि तिसऱ्यात पिल्ले धडपडत चालू लागतील. तेव्हा मुलांना, दोघा-दोघांनाच, जमिनीवर बसवून दाखवीन. तोवर त्यांना एक काम देते. मी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लांचे वजन करणार आहे, त्याचा तक्ता त्यांनी ठेवावा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ व्हायला हवी. एखाद्याचे वजन सलग दोन दिवस वाढले नाही, तर ते आजारी तरी आहे किंवा भावंडे त्याला आचळापासून ढकलत आहेत.

सचिव (ए-१०४)
रात्रपाळीच्या रक्षकाने तिला हुसकावण्याचा प्रयत्न केला, त्यात हातावर ओरखडा आला आहे. लहानसाच आहे.

ए-२०१
लहान असला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा, हळद-चुना काही लावू नये आणि आजच सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पाठवावे. रेबीजची लस तेथे मिळते. बाळंतीण मांजरीला हुसकावायचे नसते, हेही त्यांना शांतपणे समजावावे. ओरडू नये, माणूस आधीच घाबरलेला असेल.

सी-३०२ *(त्यानंतरच्या आठवड्यात)*
आज पहाटे एक पिल्लू दाराबाहेर फरशीवर पडलेले आढळले. बहुधा आचळाला लटकलेले असतानाच आई उठून बाहेर निघाली. अंग गार, तोंड उघडून आवाज न करता हालचाल. अशा वेळी आपला पहिला विचार दूध पाजण्याचा असतो, आणि नेमके तेच करायचे नसते. गार पिल्लाचे आतडे थंडावलेले असते. दूध पचत नाही आणि चुकून फुप्फुसात गेले तर पिल्लू दगावते. ओढणीत गुंडाळून छातीशी धरले आणि खाली टॉवेलमध्ये लपेटलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली. तासाभराने हातपाय गुलाबी झाले आणि ते ओरडू लागले, तेव्हा खोक्याच्या तोंडाशी ठेवून मागे सरकले. आईने दोन-तीनदा हुंगले, मानेला धरून आत ओढले आणि चाटू लागली. आता पिते आहे.

या प्रसंगात एक गोष्ट दिसली, ती समितीसाठी लिहिते. मी दोन हातांवर असूनही ती आज फिस्कारली नाही.

बी-५०१ (सांस्कृतिक समिती)
चांगली बातमी. आता आगमनाचे. ढोल-ताशा पथक बी विंगच्या दारातूनच येते.

सी-३०२
पथकाने प्रवेशद्वाराबाहेर वाजवावे आणि आत आल्यावर फक्त टाळ-झांजा ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत पिल्लांचे कानही उघडलेले असतील. त्याशिवाय आगमनाच्या चार दिवस आधी मी सर्वांना खोक्यासकट माझ्या मागच्या खोलीत हलवीन. तोवर पिल्ले तिसऱ्या आठवड्यात असतील, मांजर माझ्या हाताला सरावलेली असेल आणि नव्या जागेत तीच सतरंजी असेल. आधी आईला पिंजऱ्यात घेणे, लगेच पिल्ले तिच्यासमोर ठेवणे आणि मग उचलणे, हा क्रम ठेवावा लागतो. पिल्ले आधी नेली तर ती पिंजऱ्यात येणारच नाही.

ए-४०३ (वकील)
पुढे काय? दर पावसाळ्यात हेच व्हायचे असेल, तर वार्षिक सभेत प्रश्न निघणार.

सी-३०२
निघायलाच हवा. मांजर अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते आणि पुढील वेत सव्वादोन महिन्यांत होते. त्यामुळे पिल्ले आठ आठवड्यांची होऊन पूर्ण खाऊ लागली की आईची नसबंदी करून तिला आपल्याच आवारात परत सोडायचे. ओळखीसाठी कानाचे टोक किंचित कापलेले असेल, ते पाहून कोणी जखम समजू नये. तिला दुसरीकडे सोडून उपयोग नाही. जागा रिकामी झाली की दुसरी मांजर येते. चारपैकी दोन पिल्लांसाठी माझ्याकडे खात्रीची घरे आहेत, उरलेल्या दोघांसाठी कोणी तयार असल्यास मला खासगीत कळवावे. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू मिळणार नाही.

सचिव (ए-१०४)
शस्त्रक्रियेचा खर्च सोसायटीच्या निधीतून न करता ऐच्छिक वर्गणीतून करू. ए-३०१ यांनी पहिली रक्कम दिली आहे. पिवळ्या बोक्याचेही त्याच वेळी उरकावे असे डॉक्टरांचे मत आहे, परंतु त्याला पकडणार कोण, याबाबत स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांची नावे हवी आहेत. आतापर्यंत एकही आलेले नाही.