हरिपूरच्या संगमावर ११ किलो ४०० चा सायप्रनस (कॉमन कार्प मासा), रेकॉर्ड म्हणायचा का?

संगमावरचा_गळ (सांगली)
मंडळी एक शंका हाय. रविवारी हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते त्याच्या जरा खाली, माझ्या आतेभावानं सायप्रनस काढला. काठी नाही रीळ नाही, हातात तंगूस गुंडाळलेला आन गळाला शेंगपेंड कालवून कणकेचा गोळा. पाऊण तास ओढाओढ चालली, शेवटी गडी कमरेएवढ्या पाण्यात उतरला आन पोत्यात घालूनच वर आणला. वजन भंगारवाल्याच्या काट्यावर केलं, ११ किलो ४००. आता भंगारवाल्याचा काटा म्हणजे कमीच दाखवणार, म्हणून आमी १२ धरतोय.
घाटावर एक आजोबा रोज बसतात, ते म्हणले इंग्लंडात एकानं ह्याच जातीचा २० किलोचा धरला होता आन तो मासा नंतर प्राणीसंग्रहालयात ऱ्हायला. खरं हाय का फेकाफेक? आन आमच्या माशाची नोंद कुठं करायची? फोटो टाकलाय, जरा हललाय. मासा विचारू नका, त्याच दिवशी वाटे झाले.

कण्हेर_बॅकवॉटर (सातारा)
आजोबांना माझा नमस्कार सांगा, शंभर टक्के खरं आहे. माणसाचं नाव रिचर्ड वॉकर, १३ सप्टेंबर १९५२, रेडमायर नावाचं तळं, हेरफर्डशायरमध्ये. तळं केवढं, तर जेमतेम तीन एकर, आपल्याकडं एवढ्यात ऊस लावतात. पहाटेच्या अंधारात मासा लागला, भरला ४४ पौंड, म्हणजे २० किलोला थोडासाच कमी. वॉकरनं तो मारला नाही, लंडनच्या झूला देऊन टाकला. लोक त्याला क्लॅरिसा म्हणायचे, वॉकर स्वतः राव्हिओली म्हणायचा, आणि १९७१ पर्यंत तो तिथल्या टाकीत जिवंत होता. पोरं तिकीट काढून बघायची.
पण भावा नुसत्या वजनावर जाऊ नकोस. त्या काळी तिकडं समज असा होता की मोठा कार्प गळाला लागणं म्हणजे लॉटरी, मुद्दाम ठरवून तो धरता येत नाही. १९५१ ला त्याच तळ्यात बॉब रिचर्ड्सनं ३१ पौंड ४ औंसाचा काढला तेव्हा लोकांचे डोळे उघडले, आणि वॉकर तर इंजिनियर डोक्याचा माणूस, त्यानं कार्पसाठी म्हणून वेगळी काठी बनवली, बांबूच्या सहा पट्ट्या तासून एकमेकीला चिकटवायच्या अशी, आणि रात्री दोरा ओढला की बझर वाजेल असं विजेचं यंत्र जोडलं. मासा कधी चरतो, कुठं चरतो हे बघून मगच गळ टाकायचा. आज जगात कार्पच्या मागं जे वेड आहे त्याची सुरुवात तिथं आहे. त्याचा रेकॉर्ड २८ वर्षं टिकला, मग १६ जून १९८० ला ख्रिस येट्सनं ५१ पौंड ८ औंसाचा काढला, तोही रेडमायरलाच. आता हंगेरीत पैसे भरून गळ टाकायच्या तळ्यात पन्नास किलोच्या वरचे निघतात, पण ते खाऊ घालून वाढवलेले, मला त्याचं काही कौतुक नाही. माझं मत.

मिरजेचा_मरळ
इतिहास नाद खुळा, पण फोटो नीट बघितला का कुणी? डोकं केवढं, तोंड वर वळलेलं दिसतंय. मला तर हा कटला वाटतोय. कटला बारा किलोचा धरणावर कधीही बघायला मिळतो, त्याचा काय रेकॉर्ड. मिशा दाखवा, मग बोलू. आन हात पुढं ताणून फोटो काढला की बोंबील पण देवमासा दिसतो.

संगमावरचा_गळ
ओ कटला कशाला असंल, आमाला काय मासा कळत नाही व्हय. मिशा होत्या बहुतेक. भाऊ म्हणतो होत्या, वहिनी म्हणते बघितल्या नाहीत, तिनंच साफ केला. आता काय करायचं सांगा.

कण्हेर_बॅकवॉटर (सातारा)
भांडू नका, खुणा सोप्या आहेत. सायप्रनसला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, कटल्याला एकही नाही. सायप्रनसच्या पाठीवरचा पंख लांबलचक आणि त्याचा पुढचा जाड काटा मागच्या बाजूनं करवतीसारखा, पोत्यात घालताना तो अडकलाच असणार. कटला वरच्या पाण्यात चरतो, सायप्रनस तळाचा चिखल उकरतो, म्हणून भाऊ, तुझा गोळा तळाला होता की तरंगत होता तेही आठव. मूळचा आपल्याकडचा मासा नाही हा, १९३९ मध्ये निलगिरीत आणून सोडला, मग १९५७ मध्ये दुसरी जात आली. रोहू कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, हा पठ्ठ्या साठलेल्या पाण्यात शेवाळावर चिकटवून मोकळा होतो, म्हणून पसरला.
अजून एक, डोकं शिल्लक आहे का? सायप्रनसच्या घशात दात असतात, बारीक दाढांसारखे चपटे, त्यानं तो शिंपले चुरडतो. ते सापडले तर वाद मिटला.

मिरजेचा_मरळ
डोकं शिल्लक ठेवणारा सांगलीकर अजून जन्माला यायचाय.

संगमावरचा_गळ
अहो थांबा थांबा. आत्ता आत्याला फोन केला. गोळा तळालाच होता, तंगुसाला शिसं बांधलं होतं. पोतं एका बाजूनं टरकन फाटलेलं हाय, आमी समजत होतो जुनं म्हणून. आन डोकं आत्यानं सोमवारी कालवणात घातलं होतं. चोखताना तोंडात दाढ आली म्हणून ती घाबरली, आपलीच पडली असं वाटून परवा दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आली, तो म्हणला तुमच्या सगळ्या जागेवर हायत मावशी. ती दाढ तिनं देवघरातल्या डबीत ठेवलीय. संध्याकाळी जाऊन फोटो टाकतो, ह्या वेळी हलवत नाही.